तर किती मेंढ्या उरल्या?

‘पोरगी कितवीत हाय?’ असं कुणी विचारलं की बजरंग हल्ली आधी खोकायचा, मग डोक्याचा पटका सोडून पुन्हा बांधायचा. तेवढ्यात विचारणारा वाटेला लागला तर देव पावला. नाही लागला तर उत्तर द्यावं लागायचं, आणि काय उत्तर द्यायचं हेच त्याला उमगत नव्हतं. मोहिनीची आठवी झाली होती, पण सुटली नव्हती. नववीत ती गेली नव्हती आणि गावातल्या आठवीतही बसत नव्हती. एसटीतून उतरावं आणि गाव मात्र अजून दोन कोस लांब असावं, तसं पोरीचं झालं होतं.

पूर्वी असलं काही नव्हतं. आठवीपर्यंत पोरगं शाळेत गेलं काय, न गेलं काय, उन्हाळ्यात सरकार त्याला पुढं ढकलायचंच. मग कायदा बदलला, आणि बदलला तो बरोबर मोहिनीच्या वेळेपर्यंत. एप्रिलमध्ये तिला गणितात साठपैकी एकोणीस पडले. पास व्हायला एकवीस लागत होते. जूनमध्ये पुन्हा परीक्षा होती म्हणे, पण तो निरोप द्यायला मास्तरांनी फोन केला तेव्हा बजरंग बायको-पोरीसह मेंढरं घेऊन वसमतच्या अंगाला होता आणि फोन तीन दिवसांपासून मेलेला होता. शेतमालकाच्या ओसरीवर तो चार्जिंगला लावला, तोवर परीक्षा होऊन गेली होती. मग शाळेचा कागद आला. तो मोहिनीनेच वाचून दाखवला, कारण घरात वाचता येणारं दुसरं कुणी नव्हतं. ‘आपल्या पाल्यास त्याच वर्गात ठेवण्यात येत आहे.’ वाचून तिने कागदाची घडी घातली आणि भिंतीतल्या देवळीत ठेवली. स्वतःच्या नापासाचा कागद स्वतःच वाचायची पाळी वैऱ्याच्या लेकरावरही येऊ नये.

तिथून ती फाट्यावरच्या शाळेत गेली. आखाडा बाळापूरच्या अलीकडे एक शाळा पट घटल्याने चार वर्षं बंद पडली होती आणि लोक तिच्या वर्गांत सोयाबीनची पोती ठेवायचे. जिल्हा परिषदेने पोती हलवली, भिंतींना पिवळा रंग मारला आणि आसपासच्या गावांतली आठवीत अडकलेली एकोणतीस पोरं तिथं गोळा केली. पाटीवर ‘पूरक विद्यालय’ असं लिहिलं होतं. लोक ‘नापासांची शाळा’ म्हणायचे, जिभेला ते सोपं पडायचं. तिथं पाच महिने शिकायचं, डिसेंबरात जिल्ह्याची परीक्षा द्यायची. पास झालं की जानेवारीपासून थेट नववीत, आपल्या जुन्या सोबत्यांबरोबर. नाही झालं की पुढच्या जूनपासून पुन्हा पहिल्यापासून आठवी.

बजरंगाला यातलं एक कळायचं आणि एक कळायचं नाही. कळपात एखादं कोकरू चालायला कच्चं निघालं की त्याला मागं ठेवतात, तळावर हाताने पाला-पाणी देतात आणि पायात जोर आला की कळपात सोडतात. एवढं तो जाणून होता. पण मागं ठेवलेल्या कोकराला कुणी कागद पाठवत नाही. आणि मेंढपाळ कधी असं म्हणत नाही की तुम्ही धडधाकट झालात की हा वाडाच बंद. इथं मात्र हुशार झालेल्याला शाळेतून काढायचं आणि मठ्ठ राहिलेल्याला ठेवायचं, असा उलटा कारभार होता. शेजारचा भुजंग तर एकदा पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, “नापासाच्या शाळेत पयला नंबर आला तर त्याला पयला म्हणायचं का शेवटचा, बजरंग?” माणसं हसली. भुजंगाने थट्टा केली होती, पण बजरंग पुढं दोन दिवस खरंच त्याचा विचार करत राहिला.

खरं सांगायचं तर त्याच्या मनात दोन बजरंग होते आणि दोघांचं पटत नव्हतं. एकाला पोरगी शिकायला हवी होती. दोन वर्षांपूर्वी तो मेंढ्यांना जंताचं औषध पाजायला निघाला होता. मोहिनीने बाटलीवरचं वाचून सांगितलं की हे औषध मुदत संपून वर्ष झालेलं आहे. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा अक्षरांची भीती वाटली आणि लेकीचा आधार वाटला. दुसऱ्या बजरंगाला ती मेंढरांमागे हवी होती. दिवाळी झाली की तो आणि बायको सत्यशीला कळप घेऊन कुरुंद्या-हट्ट्याकडे निघायचे, काढणी झालेल्या रानांत मेंढरं बसवायची, जूनला परत यायचं. सुट्टीत मोहिनी सोबत असली की त्याला झोप लागायची. ती उभ्याउभ्या एक नजर टाकायची आणि सांगायची, ‘तांबडी मागं ऱ्हायली, ओढ्यात बघा.’ अशी नजर पैदा होत नाही, ती असावी लागते.

शेवटी दोन्ही बजरंगांनी मिळून तोडगा काढला. तो त्याने बायकोला आणि लेकीला सांगून टाकला. “डिसेंबरात निघाली तर नववी शिक. न्हाई निघाली तर मेंढरामागं. पुन्हा आठवी-बिठवी न्हाई.”

“बरं,” मोहिनी म्हणाली. ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

दिवाळीच्या आधी बाजाराच्या दिवशी शाळेतून बोलावणं आलं. बजरंग धोतर बदलून गेला. संतराम सर हट्ट्याकडचे, चाळिशीतले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी त्याला बाकावर बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर पोरांच्याच बाकावर बसले.

“घाबरू नका भाऊ, तक्रार न्हाई. उलट मीच गोंधळलोय.”

“तुमी गोंधळल्यावर आमी कुठं जावं, सर?”

सरांनी कपाटातून वह्यांचा गठ्ठा काढला. त्यांची एक तऱ्हा होती. मार्कांची वही ते तालुक्यासाठी ठेवायचे आणि स्वतःसाठी दर पोरामागे एक चुकांची वही. त्यांचं म्हणणं असं की पोरगं सगळं नापास नसतं, त्याला कुठंतरी एक बारीक भोक असतं आणि तिथून सगळं गळतं. ते भोक सापडलं की काम झालं. “हा विजयकुमार. कुरुंद्याच्या बागायतदाराचा पोरगा, मामाकडं राहून शिकतो. अपूर्णांक दिसला की वरचं खाली अन् खालचं वर. सापडलं, महिनाभर बुजवत बसलो, बुजलं. आता ही मोहिनीची वही.”

त्यांनी वही उघडून पुढं धरली. बजरंगाला वाचता येत नव्हतं, पण कोरा कागद ओळखायला शिक्षण लागत नाही. पानामागून पान कोरं होतं.

“चुकाच न्हाईत की,” तो म्हणाला. त्याला मनातून बरं वाटलं.

“हेच तर. चूक केली तर धरता येते. ही चूक करतच न्हाई, ही गणित सोडून देते. तेल, साखर, कापड, कशाचेही टक्के विचारा, माझ्या आधी तोंडी सांगते. आणि मधेच एखादं गणित कोरं. काहून सोडलं म्हटलं की खाली बघते. मी तिचा एप्रिलचा पेपर मागवून घेतला. हा बघा, पंधरावा प्रश्न. तीन मार्कांचा. हात लावला न्हाई. लावला असता तर बावीस झाले असते आणि ही शाळा बघायची पाळीच आली नसती.”

“काय हाय त्यात असं?”

सरांनी वाचलं, “‘एका मेंढपाळाकडे एकशे वीस मेंढ्या होत्या. त्यांपैकी पंधरा टक्के मेंढ्या रोगाने दगावल्या. तर किती मेंढ्या उरल्या?’”

बजरंग बाकावरून उठून उभा राहिला. “असं वंगाळ बोलू नये, सर.”

“मी कुठं बोललो? पेपरात आहे.”

“पेपरात तरी काहून लिहावं? कुणाच्या मेंढ्या ह्या?”

“कुणाच्याच न्हाईत भाऊ. गणितातल्या आहेत.”

“कुणाच्या न्हाईत तर मंग मारल्या काहून?”

 सरांनी भराभर मोहिनीचे सराव-पेपर काढले आणि कोऱ्या जागांवरून बोट फिरवलं. एकात कोंबड्या होत्या. एकात गोठ्यातल्या गाई होत्या. एकात पुन्हा मेंढ्याच होत्या, चार भावांत वाटायच्या. तेला-साखरेचं एकही गणित कोरं नव्हतं.

“भाऊ,” त्यांनी सावकाश विचारलं, “तुमच्याकडं मेंढ्या किती?”

“हाईत की. देवाची कृपा हाय.”

“ते झालं. आकडा किती?”

“आकडा नसतो, सर,” बजरंग म्हणाला. एवढ्या शिकलेल्या माणसाला एवढं साधं ठाऊक नसावं याचं त्याला नवल वाटलं.

त्यांच्या घरात मेंढरं मोजायची नसतात. मोजली की घटतात. आज्याने मोजली नाहीत, बापाने मोजली नाहीत. लस टोचणारा डॉक्टर दरवर्षी विचारायचा आणि दरवर्षी बजरंग त्याला सांगायचा, ‘तुमीच बघा अन् काय लिव्हायचं ते लिव्हा.’ मोजायची गरजही नव्हती. प्रत्येक मेंढीला तोंड असतं, चाल असते, आवाज असतो. जी नाही ती डोळ्याला सलते. कमी आकडा घेऊन काय करायचंय, कोण कमी आहे ते कळलं पाहिजे.

संतराम सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना भोक सापडलं होतं, पण आनंद काही दिसेना. “जिल्ह्याचा पेपर काढणारे जुनेच प्रश्न आकडे बदलून टाकतात. यंदाही असलं काहीतरी येणार. मी तिला समजावून बघतो, पण भाऊ, माझ्या सांगण्यानं हे जाईल असं वाटत न्हाई. हे तिला सांगितलं कुणी?”

“सांगायचं काय त्यात? घरातच हाय ते,” बजरंग म्हणाला आणि राम राम करून निघाला.

अर्ध्या वाटेवर, ओढ्याच्या पुलावर, त्याला ते आठवलं आणि त्याचे पाय जागीच थांबले. मोहिनी तेव्हा पहिलीत होती. शंभरपर्यंत आकडे शिकून आलेली, अंगात वारं भरलेली. दारातल्या पायऱ्या मोजल्या, आजीचे दात मोजले, आणि मग कोकरं मोजली. ‘बाबा, सतरा हाईत.’ त्या आठवड्यात हगवण लागून तीन कोकरं गेली. तिसरं पुरून आल्यावर बजरंग रागात आणि दुःखात तिला बोलला होता, ‘तू मोजलीस म्हणून गेली.’ बोलला आणि विसरला. रागात माणूस बोलतं आणि जेवायला बसतं. पोरगी विसरली नव्हती. ती सात वर्षं शाळेत जात होती, आकडे शिकत होती, आणि जिवंत काही दिसलं की हात मागं घेत होती. गणितात नापास ती झाली नव्हती, तिला नापास करून ठेवली होती तिच्या बापाने. पुलाच्या कठड्यावर बसून बजरंग तोंडावर पटका धरून रडला. मग कुणाची तरी मोटारसायकल आली म्हणून उठला.

पण करायचं काय, ते कळत नव्हतं. ‘मोजल्याने काही होत नाही’ असं तिला सांगावं तर ते त्याला स्वतःलाच पटलेलं नव्हतं. न पटलेलं सांगावं तर पोरगी डोळ्यांत बघून ओळखते. न सांगावं तर पेपर कोरा राहणार. आणि कोरा राहिला तर आपल्याला मेंढरांची चांगली राखणदार मिळणार, हेही मनातला दुसरा बजरंग हळूच सांगून गेला. त्या दुसऱ्याची त्याला लाज वाटली.

दिवाळी झाली. निघायच्या दिवशी सकाळी बिऱ्हाड घोड्यावर चढलं. मोहिनी आजीजवळ, सत्यभामाबाईजवळ, घरीच राहणार होती. बजरंगाने मेंढरांच्या वाड्याचं काटेरी फाटक बाजूला केलं, एक मेंढी जाईल एवढीच वाट ठेवली आणि हाक मारली.

“मोहिने, हितं ये. मोज.”

ती जागची हलली नाही. सत्यशीला घोड्याची दोरी सोडून धावत आली. “याड लागलं का तुमाला? निघायच्या टायमाला?”

“तू गप ऱ्हा, मोहिनीची माय. मोज पोरी. मी सांगून राहिलो. काय व्हयाचं ते माझ्या डोस्क्यावर.”

“बाबा, नको.”

“मोठ्यानं मोज. मला ऐकू आलं पायजे.”

पहिली मेंढी बाहेर आली. मोहिनीचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. दुसरी आली, तिसरी आली. चौथीला तिच्या तोंडून ‘चार’ निघालं, आणि मग ती थांबली नाही. मेंढरं एकामागे एक वाटेवर येत होती, आकडे त्यांच्या पाठीवर बसत होते, आणि बजरंग दात आवळून फाटक धरून उभा होता.  शेवटी एक लंगडी म्हातारी मेंढी आली.

“एकशे त्रेचाळीस,” मोहिनी म्हणाली.

 सत्यभामाबाई आत जाऊन मीठ-मिरच्या घेऊन आली आणि आधी मेंढरांवरून, मग नातीवरून उतरवून चुलीत टाकल्या. बजरंग मात्र भलत्याच विचारात पडला होता. एकशे त्रेचाळीस. तीन पिढ्यांची पायपीट, सगळा संसार, आणि एवढ्याशा आकड्यात बसतो. त्याला वाटलं होतं, खूप असतील. हे खूप होतं का थोडं, तेही त्याला कळेना.

कळप कुरुंद्याकडे सरकला. रोज दिवेलागणीला मोहिनी आजीच्या फोनवरून फोन करायची आणि रोज तेच विचारायची, “मेंढरं कशी हाईत?” बजरंग रोज तेच सांगायचा, “देवाची कृपा हाय.” मग ती शाळेचं सांगायची. सरांनी आता तिला रोज एक मेंढ्यांचं गणित घातलं होतं, त्यात मेंढ्या विकत घ्यायच्या, वाढवायच्या, चारायला न्यायच्या. मोहिनी ती सोडवत होती. मेलेल्यांचं गणित मात्र सरांनी अजून काढलं नव्हतं. तेही बहुधा भीत होते.

डिसेंबरात थंडी पडली. परीक्षेच्या दोन दिवस आधी कुरुंद्याच्या पुढं एका रानात बजरंगाचा दुपारी जरा डोळा लागला. बांधापलीकडे कापलेल्या ज्वारीचं रान होतं आणि जमिनीत उरलेल्या खुंटांना, धसांना, कोवळे हिरवे फुटवे आले होते. ते विषारी असतात हे मेंढपाळाच्या पोराला दूध पितानाच कळतं. सत्यशीलेच्या ओरडण्याने तो उठला तेव्हा सात-आठ मेंढ्या तिकडे शिरल्या होत्या. बाकीच्या हाकलून आणल्या. मोरी नावाची मेंढी आणि तिचं पाठीवर पांढरा ठिपका असलेलं कोकरू, दोघं पाय झाडत तासाभरात गेली.

“मोजली म्हणून गेली,” सत्यशीला म्हणाली.

“फुटवे खाल्ले म्हणून गेली.”

“तुमाला आजच झोप काहून लागली मंग? रोज लागती का?”

 फुटव्याने गेल्या हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. पण चाळीस वर्षांत दुपारी कधी न लागलेला डोळा त्याच दिवशी का लागला, हे त्यालाही सांगता येईना. खड्डा खणताना तो एकदा इकडे यायचा, एकदा तिकडे. एक गोष्ट मात्र पक्की होती. पोरीला हे परीक्षेआधी कळता कामा नये. कळलं तर ती जन्मात पुन्हा आकड्याला शिवणार नाही. बायकोला त्याने देवाची शपथ घातली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला फोन आला.

“मेंढरं कशी हाईत?”

बजरंगाने घसा साफ केला. आज नुसतं ‘देवाची कृपा’ म्हणून भागणार नाही असं त्याला वाटलं. आज पोरीला धीर येईल असं, मजबूत काहीतरी बोलायला हवं होतं.

“एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस बराबर हाईत. एकीच्या पायात काटाबी न्हाई. तू बेफिकीर पेपर लिव्ह.”



“बरं,” मोहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

आपण चांगलं निभावलं असं बजरंगाला वाटलं. सत्यशीलेलाही तसंच वाटलं.

नऊ-दहा दिवसांनी मोहिनी स्वतःच आली. एसटीने कुरुंद्याच्या फाट्यावर उतरली आणि विचारत विचारत रानात पोचली. तिच्या हातात कागद होता. बजरंगाने तो उलटा धरला, मग तिने सरळ करून दिला.

“निघाले बाबा. गणितात एक्केचाळीस. सोमवारपासून नववी.”

सत्यशीलेने तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. बजरंग खुळ्यासारखा हसत होता. आणि हसता हसता तो लेक आणि मेंढरं यांच्या मधे येऊन उभा राहिला. ‘इकडं बस, सावलीला बस, च्या घे,’ म्हणत त्याने तिला कळपाकडे पाठ करून बसवलं. मेंढपाळाच्या पोरीपासून मेंढरं लपवायला निघालेला हा पहिलाच शहाणा. तिने चहा संपवला, कपबशी खाली ठेवली आणि मान वळवली. एकच नजर, नेहमीची.

“मोरी न्हाई,” ती म्हणाली. “आन तिचं ठिपक्याचं कोकरू.”

सत्यशीला चुलीकडे तोंड करून लाकडं सारू लागली. बजरंग भडाभडा बोलत सुटला. “फुटवे खाल्ले पोरी. माझा डोळा लागला व्हता. तुझ्या मोजण्यानं न्हाई गं, माझ्या झोपंनं गेली. पेपर व्हता म्हणून बोललो न्हाई. आज सांगणारच व्हतो.”

“मला म्हाईत व्हतं.”

“कुणी सांगितलं?” त्याने बायकोकडे पाहिलं.

“तुमीच की. फोनवर. जन्मात कधी तुमी मेंढरांचा आकडा तोंडातून काढला न्हाई. त्या दिवशी काढला, तवाच कळलं मला, कोणीतरी गेलं म्हणून.” तिने पुन्हा कळपाकडे पाहिलं. “फकस्त कोण गेलं ते कळंना. रातभर एकेकीचं तोंड आठवीत बसले.”

बजरंगाचा हात पटक्याकडे गेला आणि तिथंच राहिला. धीर द्यायला म्हणून आपण बोललो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पोरीला जागं ठेवलं.

“मंग पेपर?” त्याने विचारलं. “तसलं गणित आलं व्हतं?”

“आलं व्हतं. शेळ्यांचं. दोनशेतल्या आठ टक्के मेल्या. पयल्यांदा सोडून दिलं. समदा पेपर लिव्हून झाला, दहा मिंटं उरली. मंग म्हटलं, गेलेल्या तर गेल्याच, मी लिव्हलं काय न् न्हाई काय. निदान उरलेल्या तरी कुणी मोजाव्या. एकशे चौऱ्याऐंशी उरल्या.” तिने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. “रडू आलं बाबा, पर उत्तर बराबर आलं.”

 लेकीची माफी मागायची की तिला शाबासकी द्यायची, आनंद मानायचा की मोरीसाठी रडायचं, हे बजरंगाला ठरवता येईना. मोजल्याने मेंढरं घटतात की नाही, हेही त्याला अजून नक्की ठाऊक नव्हतं. तो उठला आणि तिच्यासाठी मेंढीचं दूध काढायला गेला.

सकाळी मोहिनीला साडेआठची एसटी होती. तळावरच्या जाळीचं तोंड उघडून बजरंगाने मेंढरं बाहेर सोडली. लेक वाटेच्या कडेला पिशवी घेऊन उभी होती. तिचे ओठ हलत होते. त्याला ते दिसत होतं, आणि तो तिला थांबवत नव्हता. म्हातारी लंगडी शेवटी बाहेर आली.

“एकशे एक्केचाळीस,” मोहिनी मोठ्याने म्हणाली.

 बजरंगाने मान हलवली आणि काठी उचलली. त्या रानालाही एका अंगाने कापलेल्या ज्वारीचे फुटलेले धस होते. मोहिनी फाट्याच्या वाटेने दिसेनाशी होईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला. मग जाऊन त्या बांधावर उभा राहिला आणि दिवस मावळेपर्यंत तिथून हलला नाही.